रडारचे कॅमेरे

गल्लीत त्याला रडार म्हणत, आणि त्याला तो मान वाटायचा. तो फरश्यांच्या कंपनीत विक्री अधिकारी होता, पण फरशीबद्दल विचारलं तर जांभई द्यायचा. वेग पकडणारे कॅमेरे कुठेकुठे आहेत असं विचारलं, की मात्र स्वारी फुलायची. लग्नात जेवणाच्या रांगेतसुद्धा हा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगणार, पेट्रोलपंपानंतरचा खांब तेवढा जपा, पुढे बिनधास्त दामटा.

बायकोला एके काळी या हुशारीचं कौतुक होतं. आता किळस यायची. काचेला चिकटवलेलं जीपीएस टूं टूं करू लागलं की रडार ब्रेकवर उभाच राहायचा. खांबासमोरून अगदी शहाण्या बाळासारखी गाडी न्यायची आणि खांब मागे पडला की पाय दाबायचा, याला तो शिस्त म्हणे. मागे आठ वर्षांची लेक मांडीवर प्लास्टिकची पिशवी उघडून बसलेली असायची, कारण शाळा येईपर्यंत तिला उलटी व्हायचीच. एकदा शाळेअलीकडच्या वळणावर गाडी दुभाजकाला घासली. पोरगी पुढच्या सीटवर आपटली, ओठ फुटला. बायकोने अक्षरशः हात जोडले, जरा हळू चालवा म्हणून.

"त्या वळणावर कॅमेरा कुठेय?" तो म्हणाला.

असल्या माणसापुढे डोकं तरी किती फोडायचं?

दंड होऊन होऊन गत अशी झाली होती की आणखी एक झाला असता, तर लायसन्स जप्त. म्हणून एका रविवारी त्याने नव्या-जुन्या सगळ्या कॅमेऱ्यांची फाइल स्वतः बनवली. तयार फाइल मिळत होती, पण ती म्हणे बावळटांसाठी. जीपीएसला आधी रेखांश लागतो, मग अक्षांश. सूचनांमध्ये ते लिहिलेलंही होतं, पण सूचना वाचणं म्हणजे कारकुनी काम. याने उलटं टाइप केलं, गाडीतून काढून आणलेल्या जीपीएसमध्ये फाइल चढवली आणि शीळ घालत अंघोळीला गेला.

बायको टेबल पुसायला आली, तेव्हा जीपीएसवर नकाशा उघडाच होता. आपल्या शहरात एकही खूण नाही. ती बोटाने नकाशा लहान करत गेली आणि सगळे कॅमेरे सापडले, कुठल्या तरी दूरच्या समुद्रात, एकमेकांना खेटून. तिला आधी हसू फुटलं. मग ते मावळलं. सांगितलं तर हा दुरुस्त करणार आणि पुन्हा तेच दामटणं, तेच ब्रेक. न सांगितलं तर लायसन्स जाईल आणि पोरगी सुटेल. तिने टेबल पुसलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती लेकीला बसने शाळेत न्यायला लागली.

जीपीएस गप्पच राहिलं. लोक वैतागले म्हणून सरकारने कॅमेरे काढले, असं रडार छाती फुगवून सांगत सुटला.

मग दंडाची नोटीस आली. गाडी दुसरं कुणी चालवत असेल तर नाव कळवा, असं खाली छापलेलं होतं. सकाळच्या चहाला त्याने ती बायकोपुढे सरकवली, वर पेन ठेवलं.

"तुझं नाव टाक. तुझं लायसन्स नुसतं पडून आहे."

तिने पेनाला टोपण लावलं. "तुमचे सगळे कॅमेरे समुद्रात पडलेत. मी त्याच रविवारी पाहिलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कॅमेऱ्याला घाबरता. पोरीच्या जिवाची भीती तुम्हाला कधी वाटली नाही. जाऊ दे ते लायसन्स."

तिला वाटलं, आता तरी हा माणसासारखं काही बोलेल.

त्याने लॅपटॉप ओढला, फाइल उघडली. "थांब थांब," तो म्हणाला, "म्हणजे रेखांश आधी घालायचा होता?"

तिने गाडीची किल्ली उचलली आणि लेकीला हाक मारली. दोघी निघाल्या तेव्हा रडार रकान्यांची अदलाबदल करत होता. त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.