डाव्या पायाचा आराम

शास्त्राची प्रगती एकदा माझ्या डाव्या पायामुळे दोन दिवस थांबली होती.

माझी भाची पूनम यवतमाळला फिजिओथेरपी शिकते. व्यायामाने दुखावलेला स्नायू किती कडक होतो, हे सोनोग्राफीच्या मशीनवर मोजायचं, असा तिचा शेवटच्या वर्षाचा प्रबंध. एक माणूस कमी पडत होता आणि बुधवारी सरांना आकडे द्यायचे होते. मी पुसदहून फोनवरच छाती फुगवली, "मामा जिता हाय ना तुहा!"

"जिना चढतानी दम लागते तुमाले," आमची सौ. शेजारून म्हणाली. (तिच्याकडे मी लक्ष देत नाही. हा माझा जुना आजार.)

शुक्रवारी यवतमाळला पूनमने आधी माझ्या दोन्ही मांड्या मोजल्या. मग लाकडी ठोकळ्यावर उजव्या पायावर उभं केलं. गुडघा हळूहळू वाकवत डावी टाच जमिनीला लावायची, असं शंभर वेळा! साठाव्याला मला घाम फुटला, ऐंशीव्याला कुलदैवत आठवलं.

"मामा, आता दोन दिवस मालिश नाही, गोळी नाही. डाव्या पायाले पूर्ण आराम. त्याच्याशीच उजवा ताडून पाहा लागते."

"डावा पलंगावरून खाली नाही उतरत, पाहून घे तू!" मी शब्द दिला.

शनिवारी फुलसावंगीला थोरल्या भाच्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. आता आमच्याकडे मामाने भाच्या-भाचीच्या पाया पडायचं असतं. यवतमाळला मशीनपाशी अडकलेली पूनम सोडली, तरी माझ्या सख्ख्या, चुलत, मावस बहिणी मिळून भाचरं एकोणीस! आणि उजवी मांडी सकाळपासून अशी ठणकत होती की वाकायचं नाव काढताच तोंडातून 'आई गं' निघे.

पण मी डोकं चालवलं. (सगळा घोळ तिथेच झाला.) उजवा पाय काठीसारखा पुढे ताणायचा, सगळा भार डाव्यावर टाकायचा आणि खाली जायचं. एक झाला, दोन झाले, सातवा झाला. लोक कौतुकाने पाहू लागले, तसा मला आणखी चेव आला. सर्वात धाकटी भाची तीन वर्षांची. ती मला पाहून पळाली! मी लंगडत मंडपभर तिच्या मागे. पाचदा वाकलो, पाचदा ती निसटली. शेवटी जिलेबी दाखवून पाय धरले.

रविवारी सौ. सोबत आली. पूनमने मांडीवर थंडगार जेल लावलं आणि मशीन फिरवलं. पडद्यावर मऊ स्नायू निळा, कडक तो लाल. उजवा लालसर दिसला. मी खूष. मग डावा आला. सगळा लालभडक!

"मामा, डाव्या पायानं काय केलं?"

"काही नाही! आराम!"

"मंग हा उजव्याहून कडक काहून दाखवून राह्यला?"

"अवं बाई, एकोणीस जणाच्या पाया पडले काल," सौ. ने साक्ष दिली. "समदे डाव्या पायावर!"

पूनमचे डोळे भरून आले. "शेवटचा माणूस तुमीच होते, मामा. आता मी कोणाले आणू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागावी म्हणून मी तिथेच तिच्या पायाशी वाकलो. यावेळी दोन्ही पायांनी संप केला.

"उठा मामा."

"आशीर्वाद दे."

"दिला. उठा आता!"

"उठणं होऊन नाही राह्यलं!"

सौ. ने मला काखेत धरून बाजूला सरकवलं, आपल्या मांड्या मोजून घेतल्या, पदर खोचला आणि ठोकळ्यावर चढली. दरवर्षी कापूस वेचणारी बाई ती. शंभर वेळा उतरली आणि वर विचारलं, "झालं? बस एवढंच?" मग दोन दिवस तिने दोन्ही पायांना खरोखर आराम दिला. स्वयंपाक मी केला. मंगळवारी आकडे इतके सरळ आले की पूनमने मामीला मिठीच मारली.

प्रबंध छापून आला. आभारात मामीचं नाव ठळक आहे. मीही आहे त्यात, आतल्या पानावर: 'एक सहभागी वगळला.' तो एक मीच! पाहुण्यांना मी ते पान आवर्जून दाखवतो.

पूनम पेढे घेऊन आली, तेव्हा रिवाजाप्रमाणे मी पाया पडायला पुढे झालो. डॉक्टरीणबाई टुणकन दोन पावलं मागे सरकल्या.

"मामा, तुमी लांबूनच!"