कवळीसम्राटांचा पूल

आमच्या शेजाऱ्यांना मी कवळीसम्राट म्हणते, तेही तोंडावर. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देण्यात त्यांचा जन्म गेला. गल्लीतली निम्मी म्हातारी मंडळी हसतात ती त्यांच्याच कृपेनं. हल्ली त्यांचं स्वतःचं हसू मात्र गायब आहे, आणि त्याला कारण परसातला स्विमिंग पूल.

लेक लहान असताना त्यांनी तो हौसेनं बांधला. आता लेक आई झाली आणि पूल म्हातारा. गिलावा खडबडीत झालाय, पंप दमेकऱ्यासारखा धापा टाकतो, आणि तो जरा बंद राहिला की पाणी हिरवंगार. ताई, म्हणजे त्यांची बायको, लेकीच्या बाळंतपणाला गेल्या त्या तिकडेच राहिल्या. घर विकून भाऊजींनी मागोमाग कायमचं तिकडे जायचं, असं ठरलं होतं. नातू आता बसायला लागला, तरी आजोबांची मांडी त्याला अजून माहीत नाही. विचारलं की एकच उत्तर : "पाणी एकदा नितळ होऊ दे. असा पूल बघून घर कोण घेणार?"

मी गच्चीवर कपडे वाळत घालताना रोज चौकशी करते.

"काय भाऊजी, आज रंग कोणता? पोपटी की शेवाळी?"

"करा चेष्टा, वहिनी. काल तळ दिसत होता."

"काल मला माझी कंबरही दिसत होती. म्हणून काय झालं? उपसून टाका ना सगळं."

"तेच तर करता येत नाही. जमिनीखाली पाणी आहे. पूल रिकामा केला की ते खालून रेटतं आणि तळ फुटतो."

म्हणजे रिकामाही करायचा नाही आणि सोडूनही जायचं नाही. माणसानं स्वतःच्या पैशानं बांधलेला इतका पक्का तुरुंग मी दुसरा पाहिला नाही.

हिरवं शेवाळ क्लोरीनच्या पावडरीला तरी भीत होतं. भिंतीवरचे काळे ठिपके मात्र महाबिलंदर. भाऊजी ते तारेच्या ब्रशनं घासून काढायचे, आणि ते पुन्हा नेमके त्याच जागी हजर. एकदा वरून बघताना मला ते ओळीनं बसलेले दिसले, थेट खालच्या जबड्यासारखे.

"भाऊजी, तुमच्या पुलाचे दात किडलेत!"

ते हसले. मग हसता हसता थांबले आणि भिंतीजवळ जाऊन वाकले. ठिपका होता तिथे नखानं टोकरलं, तर पिठासारखं काहीतरी हाताला लागलं.

"हे माझंच काम आहे," ते म्हणाले. "गिलाव्याला खड्डे पडले होते. गवंडी कशाला बोलवायचा, त्याच्याहून माझा हात साफ, म्हणून कवळीचे साचे ओततो ते प्लास्टर भरलं. पाण्यात ते भुसभुशीत होतं, हे मला कळायला नको? शेवाळाला मीच गादी घालून दिली, वहिनी."

झालं. डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, हातात छिन्नी, आणि स्वारी छातीभर पाण्यात. एक ठिगळ उकरावं तर भोवतालचा गिलावाही ढासळायचा. छोट्या खड्ड्याचा मोठा खड्डा व्हायचा. बोटांच्या सुरकुत्या तर रात्री जेवतानाही जात नसत.

अशातच घर बघायला एक जोडपं आलं. भाऊजी ओल्या चड्डीवर शर्ट चढवून पुलाच्या पुढे आडवे उभे राहिले. "जरा दम धरा, लवकरच नितळ करून देतो."

"राहू द्या हो काका," तो मुलगा म्हणाला. "आम्ही हा बुजवणारच आहोत. आईला बाग करायचीय. माती कधी आणू तेवढं सांगा."

भिंतीआडून मी टाळीच वाजवली. "सुटलात की हो भाऊजी!"

भाऊजींचा चेहरा मात्र पडला. "अशा घाण अवस्थेत मी देणार नाही. आधी स्वच्छ करतो, मग बुजवा."

ते दोघं एकमेकांकडे बघत निघून गेले. काही दिवस त्यांनी वाट पाहिली आणि कोपऱ्यावरचं घर घेतलं.

मला राहवेना. "फेकायची कवळी पॉलिश करून कोण फेकतं?"

"मी," ते म्हणाले. छिन्नी पुसायला घेतली. "तिकडे सकाळी उठून मी काय करायचं, हे कुणी ठरवलंय का, वहिनी?"



संध्याकाळी ताईंचा फोन आला. कुठलीही गोष्ट माझ्या पोटात कधी टिकली नाही. सगळं सांगून टाकलं. नातू मागे काहीतरी आपटत होता.

"इकडे गारठा असतो म्हणून येताना त्यांचे स्वेटर मीच आणून ठेवले होते गं," ताई म्हणाल्या. "ते परत पाठवते. तुझ्याकडे घेऊन ठेवशील?"

ठेवते म्हणाले. दुसरं काय म्हणणार!