मासा आधी, देव नंतर

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, म्हणून सीना-कोळेगाव धरणाच्या काठालाच आम्ही चौपाटी म्हणतो. आम्ही म्हणजे मी आणि वसंता. कोर्टात शेजारशेजारच्या टेबलांवर नोकरी केली आणि दर हिवाळ्यात ही सहल केली. यंदा वसंता सोलापुरात दवाखान्यात. उद्या हृदयाचं ऑपरेशन. "तू जा. सोनारीच्या भैरवनाथाला माझ्या नावानं नारळ दे," एवढंच बोलला. म्हणून धाराशिवहून एकटाच एसटीत चढलो.

परंड्याचा किल्ला पाहिला. तोफेपाशी वसंता दरवर्षी तेच तेच सांगायचा आणि मी वैतागायचो. या खेपेला तोफ पाच मिनिटांत पाहून झाली. स्टँडवरचा चहासुद्धा अर्धाच प्यायलो.

दुपारी जीपनं काठावर पोचलो. नजर पोचेल तिथवर पाणी, कडेला होड्या, वाळत घातलेली जाळी. पत्र्याच्या शेडमध्ये नेहमीच्या मावशी चिलापी (धरणातला चपटा मासा) तळत होत्या.

"एकलेच आलाव? दुसरं अण्णा कुठं हायत?"

"दवाखान्यात."

त्यांनी ताटात एक तुकडा जास्त वाढला. ज्वारीची गरम भाकरी, ठेचा, झणझणीत रस्सा, पोटभर हादडलं. मग होडीतून चक्कर मारली. नावाडी सारा वेळ फोनवर बोलत होता. लई एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सोनारीत माकडांपासून वाचवत नारळ पोटाशी धरून देवळाच्या पायरीपर्यंत गेलो आणि मटकन खालीच बसलो. अरे देवा, मासे खाऊन आलो की! आमच्याकडं मासे-मटण खाऊन देवळात जात नाहीत. आधी देव, मग मासा, हा क्रम इतकी वर्षं वसंताच सांभाळायचा. उद्या त्याचं ऑपरेशन, आणि मी मूर्ख दाराबाहेर! डोळ्यांत पाणीच आलं.

दर्शनाला आलेली एक म्हातारी थांबली. "काय झालं वो?"

सगळं सांगितलं.

"हात्तिच्या! द्या हिकडं, म्या देते. नाव सांगा."

वसंताचं नाव सांगितलं.

"अन् तुमचं?"

"माझं कशाला?"

"तुमीच लई भ्यालाव, म्हून."

मग माझंही सांगितलं. थोड्या वेळानं तिनं नारळाचं अर्धं भकल आणून हातात दिलं. दोघांची नावं घेतली म्हणाली.

दवाखान्यात फोन लावला. वहिनींनी तो वसंताच्या कानाला धरला. मी सगळं कबूल केलं.

"चिलापी होती?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"काटे नीट काढलेस ना? दरवर्षी मीच काढून देतो, म्हणून विचारलं."

फोन ठेवला आणि भकल पिशवीत घालून गाडीत बसलो.

आपण लई फिरलो, असं मी लोकांना सांगत आलो. खरं तर फिरला वसंता. मी बरोबर होतो. परतीची गाडी खच्चून भरली. एकानं माझ्या शेजारच्या जागेकडं बोट केलं. "कुणी हाय का इथं?"

"हाय," मी म्हणालो.

बार्शी येईपर्यंत तो बिचारा उभा राहिला, आणि मी काही सरकलो नाही.