खिशातली किल्ली

त्या दुपारी कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

गोंदिया या जिल्ह्यातून वेगळा झाल्यावर काही वर्षांनी मी इथल्या सरकारी दवाखान्यात भूलतज्ज्ञ म्हणून आलो. अत्यवस्थ माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालणं हे माझं काम. लॅरिंगोस्कोपनं जीभ उचलायची, वाकून स्वरतंतू शोधायचे आणि त्यांच्यामधून नळी सरकवायची. आपला हात बसलाय, याचा मला माज होता. पुढे व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आला. त्याच्या टोकाला कॅमेरा; घशातलं सगळं पडद्यावर दिसायचं. मी तो कपाटात कुलूपबंद केला. तपासणीला वरचे साहेब येणार असले की काढायचा, पुसायचा, फोटो घ्यायचा, परत आत. बिघडला तर उत्तरं कोण देणार, असं आम्ही सगळेच म्हणायचो.

ती बाई गोसीखुर्दच्या धरणात गेलेल्या एका गावची. आता नव्या गावठाणात राहणारी. नवरा मासे मारायचा. ताप, खोकला, न्यूमोनिया. सकाळच्या पहिल्या एसटीनं त्यानं तिला आणलं. ऑक्सिजन लावूनही दुपारपर्यंत ती दमून गेली. मान आखूड, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं.

बॉण्डच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेली तरुण डॉक्टर म्हणाली, "सर, व्हिडिओवाला काढू का? हिचं कठीण जाईल."

"टीव्ही पाहाचा असंल तर घरी जा न, मॅडम."

सिस्टर हसल्या. मला बरं वाटलं.

"तरी सर, किल्ली..."

"स्टोअरवाल्याजवळ आहे. जेवायला गेला तो."

नळी घालण्याआधीचं भुलीचं औषध दिलं. त्यानं बाईचा स्वतःचा श्वास थांबला, थांबतोच. पहिली नळी अन्ननलिकेत गेली. मास्कनं हवा देऊन दुसऱ्यांदा पाहिलं, तर नुसतं रक्त. तिसऱ्यांदाही तेच. रक्तातला ऑक्सिजन उतरत होता, तसा मॉनिटरचा सूर खाली खाली चालला होता.

"सर, कुलूप तोडू का?"

"तुमचं बॉण्डचं सर्टिफिकेट माझ्या सहीनं निघते. माहीत आहे न?"

तिनं मास्क उचलून पुन्हा हवा द्यायला घेतली. वाकलो की किल्ली मांडीला टोचायची. काढली असती तर खोटं उघडं पडलं असतं, आणि तेही हसणाऱ्या सिस्टरांसमोर. चौथ्यांदा नळी बरोबर बसली, तोवर हृदय थांबलं होतं. अर्धा तास छाती दाबली. नाही.

कॅमेऱ्यानं ती वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. पण पहिल्याच खेपेत नळी जाण्याची शक्यता वाढली असती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

नवरा दाराशी उभा होता. "साहेब, मी उशीर केला का?"

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"लय उशीर केला गा तू. काल आणली असती त वाचली असती."

त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं, दोनदा. मग माझे पाय धरले. "तुमी त लय मेहनत केली, साहेब." केसपेपरवर मी लिहिलं: उशिरा आणले, नळी एका प्रयत्नात. डॉक्टरनं वाचलं आणि खाली मान घालून सही केली.

गेल्या महिन्यात तिचा नवरा ओपीडीच्या बाकावर दिसला. गावातल्या एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याला दटावत होता, "घरी जातो म्हणू नोको, बुढ्या. मी एक दिवस थांबलो त बायको गेली माही. मीच मारलो तिले."

"हौ बाबा, बसतो. किती खेपा सांगशील?"

मला पाहून तो उठला, हात जोडले. म्हाताऱ्याला म्हणाला, "हेच ते साहेब. लय धडपड केली होती यायनं." मी मान हलवली आणि पुढे गेलो.

त्यानं उशीर केला नव्हता. सकाळी आली तेव्हा ती बोलत होती, पाणी मागत होती. हे मला त्याच्या तोंडावर सांगायचं आहे, किल्लीसकट. अजून सांगितलेलं नाही.