पऱ्हाट्यांचा धूर

चोरट्या वृक्षतोडीविरुद्धची पत्रकं वाटायला आम्ही पाल गावाच्या पुढे सातपुड्यात गेलो होतो, तेव्हा एका घळीतून पाणी कोसळल्याचा आवाज ऐकला. पाणी कुठेच दिसेना. ते शोधायचंच, असं ठरवून दिवाळीनंतर आम्ही दोघं पुन्हा निघालो. मी धुळ्याकडच्या शिंदखेड्याचा, चळवळीतल्या घरात पत्रकांचे गठ्ठे उशाला घेऊन वाढलेला. तो सावद्याच्या केळीवाल्यांचा, जळगावच्या वसतिगृहात माझ्याच खोलीतला. मी मजकूर लिहायचो आणि तो खळ लावून भिंतींवर चिकटवायचा. नुकतंच चिकटवलेलं वाक्य होतं, ‘हात उगारणारा वाद हरलेला असतो.’

त्याच्या एका हातात वांग्यांची पिशवी आणि खांद्यावर मोळी होती, कपाशीच्या वाळक्या झाडांची, म्हणजे पऱ्हाट्यांची.

“अरे, जंगलात लाकडं नाहीत का?”

“लाकडावर भाजलं तं ते भरीत नही, राख. तुमच्या धुयाकडे खात असतीन.”

“येडा शे हाऊ!” मी माझ्या अहिराणीत डोंगराला सांगितलं.

घळीतला ओढा कमरेला लागत होता. त्याला पोहता येत नव्हतं, म्हणून माझा पट्टा गच्च धरून तो पलीकडे आला. मोळी मात्र पाण्यात बुचकळून निघाली. पुढे दगडांवरून रांगत, करवंदीच्या काट्यांनी दंड फाडून घेत आम्ही वळणावर आलो आणि धबधबा समोर उभा राहिला. दोन कडे एकमेकांत घुसलेले, त्यांच्या फटीतून पाणी खालच्या काळ्या डोहात आदळत होतं. कड्याला वर आग्या मोहोळं लटकली होती. दोघांनीही ती पाहिली. इतक्या उंचावरच्या माशांशी आपलं काय देणंघेणं, असं दोघांनाही वाटलं.

त्याने कड्याच्या पायथ्याशीच काडी लावली. ओल्या पऱ्हाट्या पेटेनात. पिवळा, दाट धूर उठला आणि सरळ कड्याला चिकटून वर चढला.

“विझव ते.”

“थांब ना, आता पऱ्हाटीची साल तडकून राह्यली.”

वर कसलातरी घरघराट झाला. मग आभाळ आमच्यावर कोसळलं.

पहिला डंख माझ्या पापणीत बसला. तो किंचाळला, तर माशा तोंडात शिरल्या. त्याचं डोकं काळं, वळवळतं झालं होतं. तो आंधळ्यासारखा दगडांवर आपटत धावत होता. धबधब्यामागे कपार दिसत होती, पण मध्ये डोह होता. मी त्याचं बखोट धरून त्याला पाण्यात ओढलं.

पाण्यात तो माझा मित्र उरला नाही. त्याने माझ्या मानेला मिठी मारली, खांद्यावर चढला, मला खाली दाबलं. मी वर आलो की माशा, खाली गेलो की तो. त्याची नखं माझ्या गळ्यात रुतली होती. मग मी मूठ वळून त्याच्या जबड्यावर मारली. मिठी सुटेना. पुन्हा मारली, सगळ्या ताकदीने. हाड लागलं, रक्त उडालं, तो ढिला पडला. केस धरून मी त्याला कोसळत्या पाण्याखालून कपारीत फरफटत नेलं. तिथे पाण्याच्या माराने आमच्या अंगावरच्या माशा झडल्या. बाकीच्या पाण्याच्या पडद्याबाहेर घोंघावत राहिल्या.

ऊन कड्यावरून उतरलं तेव्हा त्या शांत झाल्या. त्याचे डोळे मिटले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. डोहाच्या कडेच्या खडकांना धरत बाहेर काढून, नंतर पाठीवर घेऊन मी त्याला रस्त्यापर्यंत आणलं. केळीच्या एका ट्रकवाल्याने घडांवर झोपवून आम्हाला सावद्याच्या दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरांनी सुया टोचल्या आणि रात्र निघाली तर वाचला म्हणून सांगितलं.

रात्र निघाली. सकाळी त्याचा मोठा भाऊ खाटेशी वाकला.

“दात माशायनं पाडला का रे?”

“मी पाडला,” मी म्हणालो.

भावाने माझ्या सुजलेल्या गालावर अशी लगावली की मी भिंतीवर गेलो. त्याने पुन्हा हात उचलला, तोच खाटेवरून आवाज आला.

“भाऊ, त्यानं नसतं मारलं, तं तू आता मले मसनात पोचवाले निंगाला असता.”

भाऊ हात तसाच धरून उभा राहिला. “मंग आधी सांगता येत नही?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

मित्र फुटक्या ओठांनी हसायला गेला आणि उशीवर पुन्हा रक्त सांडलं. “ते हात उगारनाऱ्याचं पत्रक,” तो म्हणाला, “म्या चिकटवलं. आता तूच खरवड.”

“खरवडणार नाही. तो वाद नव्हता.”

“मंग काय होतं?” भावाने विचारलं.

मी उजव्या हाताकडे पाहिलं. तो इतका सुजला होता की मूठ मिटत नव्हती.

“तुमच्या भावाला डोहात सोडायचं नव्हतं,” मी म्हणालो.