न जुळणारा भाऊ

आमच्या बाईंनी आयुष्यात कशावर विश्वास ठेवला असेल तर तो स्वतःच्या अक्षरावर, आणि तोही खाली तारीख घातलेली असेल तरच. प्रयोगशाळेत त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना शंकासुर म्हणत. फ्रीझरचं दार नीट लागलंय ना, हे पाहायला त्या अर्ध्या जिन्यातून परत येत. नळीवरचं लेबल मी लिहिलं की त्या वाचत, मग मला मोठ्यानं वाचायला लावत. चोवीस वर्षं मी त्यांचा तंत्रज्ञ होतो. तेवढ्या काळात त्यांनी माझ्या कामाला एकदाही 'छान' म्हटलं नाही. 'पाहू' म्हणत. एकदा त्यांच्या आईनं फोनवर मला विचारलं, लेक वेळेवर जेवते ना? मी हो म्हणालो. बाईंनी माझ्या हातून फोन घेऊन आईला सांगितलं, याचं ऐकू नकोस, जेवताना हा समोर नसतो.

काही घराण्यांत बहिरेपणा पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. तिशीत ऐकू येणं कमी होतं आणि चाळिशीत कान जवळजवळ बंद. तो कुठल्या जनुकामुळे येतो, हे बाई शोधत होत्या. अशा अकरा घराण्यांतल्या माणसांचं रक्त आणायचं, त्यातून डीएनए काढायचा आणि गुणसूत्रांवरच्या ठरावीक खुणा तपासायच्या. घरातल्या बहिऱ्या माणसांत जो तुकडा सारखा सापडतो आणि ऐकणाऱ्यांत सापडत नाही, त्यात ते जनुक दडलेलं. एखाद्याचा पत्ता शोधताना आधी गाव, मग वस्ती, मग गल्ली कळावी तसं हे काम. सुरुवातीची कित्येक वर्षं फिल्मवर उमटणाऱ्या या खुणांच्या काळ्या रेघा भिंगातून पाहण्यात माझे डोळे गेले. पुढे यंत्रं आली, तेव्हा बाई यंत्रांवर संशय घेऊ लागल्या. अठराव्या वर्षी एकदाची गल्ली सापडली. दहा घराण्यांत सगळं चोख जुळलं.

अकराव्या घरात तीन भावंडं होती. थोरली बहीण, धाकटी बहीण आणि मधला भाऊ, सायकली दुरुस्त करणारा. बाईंच्या वहीत तिघंही बहिरी होती. दोन्ही बहिणींत तो तुकडा होता, भावात नव्हता. त्याचा नमुना खरा असेल तर आमची गल्लीच चुकली आणि अठरा वर्षं पाण्यात. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल तर दोषी मी, कारण नळ्या मीच भरल्या होत्या.

बाईंनी काय धरलं असेल ते सांगायला नको. त्यांनी माझंच रक्त मागितलं. माझ्या हातून माझाच डीएनए त्या नळीत गेला नाही ना, ते पाहायला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दिलं. ते जुळलं नाही. "मग दुसऱ्या कुणाचं असेल," त्या म्हणाल्या. संचालकांनी तर मला काढून टाकण्याचं पत्र टाइप करून ठेवलंसुद्धा. फक्त कारण लिहायचं बाकी होतं.

ताजं रक्त घ्यायला आम्ही त्या भावाच्या दुकानात गेलो. बाईंनी कागदावर लिहून विचारलं. त्यानं वाचलं आणि हातानंच नको म्हणाला. का, ते सांगेना. बाईंचा चेहरा आणखी ताठ झाला. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून जुनी वही चाळू लागल्या आणि मी फुगून दारात उभा राहिलो.

तो एक चाक सरळ करत होता. बोटानं एक स्पोक छेडायचा, मान जराशी कलती करायचा, किल्लीनं स्पोक आवळायचा, पुन्हा छेडायचा. शेजारच्या स्पोकशी आवाज जुळला की पुढे. पाच-सहा स्पोक झाल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. मी जाऊन बाईंच्या कानाला लागलो. या खेपेला त्या 'पाहू' म्हणाल्या नाहीत. उठल्या, त्याच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या नमुन्यामुळे या माणसाची नोकरी जाणार आहे."

चाक फिरत राहिलं. त्याचे हात थांबले.

त्यानं उठून दुकानाचं दार ओढून घेतलं आणि आमच्याशी बोलला. आईचे, मग बहिणींचे कान गेले, त्याचे राहिले. दाराशी कोण आलं, फोनवर कोण होतं, सगळं त्याच्याकडे. आणि मागोमाग बहिणींचे प्रश्न. कोण होतं, आमच्याबद्दल काय बोललास, हसलास का? सगळं सांगितलं तरी यानं काही तरी राखून ठेवलंय असंच दोघींना वाटे. तो खोलीत आला की त्या गप्प होत. तेहतिसाव्या वर्षी त्यानं ऐकायचं सोडून दिलं. त्या दिवसापासून तिघं एकाच पाटीवर लिहून बोलू लागले आणि कुणी कुणाला काही विचारेना. बाईंच्या तपासणीत आवाज आला की बटण दाबायचं होतं. त्यानं दाबलंच नव्हतं.

"घरी सांगू नका," तो म्हणाला. "मी पुन्हा परका होईन."

परतताना मी बाईंना स्पष्टच सांगितलं, मला दोन मुली आहेत, जे खरं ते लिहा. दुसऱ्याच्या घरातल्या लबाडीसाठी माझं नाव खराब करू नका. अहवालाची प्रत त्या घरीही जाणार होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी लिहिलं: 'नमुना बरोबर आहे. या व्यक्तीच्या कानांची तपासणी मी एकटीनं केली होती. ती भरवशाची नाही.' खाली सही आणि तारीख.

मी ते दोनदा वाचलं. मला बाईंची दया आली आणि स्वतःची लाजही वाटली.

माझं पत्र फाडलं गेलं. पण संचालकांना कोलीतच मिळालं. एक तपासणी भरवशाची नाही, तर बाकीच्यांवर का विसंबायचं? बाहेरचा एक कानांचा डॉक्टर नेमला गेला आणि पहिलं घर हेच ठरलं.

दुकानाच्या वरच्या खोलीत टेबलावर यंत्र मांडलं. बटण दाबलं की त्यावरचा लाल दिवा लागे. दोन्ही बहिणींची तपासणी आधी झाली. दिवा जेमतेम दोन-तीनदा लागला. मग त्या समोर बसून भावाकडे पाहू लागल्या. घर बहिऱ्यांचं म्हणून डॉक्टर आवाज न उतरवताच बोलला. "बाई, हाही बहिरा निघाला तर तुमचा तो जनुकाचा नकाशा आजच बाद."

बाईंनी मान हलवली. भावाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

डॉक्टरनं पहिला आवाज सोडला. दिवा लागला नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला दिवा लागला. डॉक्टरनं आवाज कमी केला, पुन्हा लागला. आणखी कमी केला, तरी लागला.

थोरली बहीण उठून त्याच्यासमोर आली. तिचा आवाज सपाट आणि मोठा होता.

"तुला ऐकू येतं?"

त्यानं कानांवरचे हेडफोन काढले आणि होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

ती त्याच्या ओठांकडे पाहत होती.

"मग मी दार लावून रडते, ते?"

"तेही," तो म्हणाला.

बाईंनी पुढे होऊन यंत्र बंद केलं.