तिसऱ्या हाकेचं गाणं

यवतमाळ सोडलं त्या सकाळी माझ्या आईने मला एकच सूचना दिली. बॅगेवर नाव घातलं का, पाण्याची बाटली घेतली का, हे सगळं मी स्वतःच दोनदा तपासते, त्यामुळे त्या बाबतीत तिला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. इरा, नील, तुमचे आजोबा जाऊन वर्ष झालं होतं. मी शाळेतून निवृत्त झाले होते. तुमच्या बाबांना, म्हणजे माझ्या शिरीषला, पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी लागली होती आणि "तू एकटी इथे काय करणार" असं त्याने विचारल्यावर मी सामान बांधलं होतं. ऑटो दारात उभा होता. आई माझ्या भावाच्या घराच्या पायरीवर बसली होती. ती उठली नाही. म्हणाली, "शांते, पुण्याचे लोक मोजून बोलतात म्हणे. तूबी मोजूनच ऐकजो."

ऑटोवाला हसला. मला हसू आलं नाही, कारण ती विनोद करत नव्हती.

हे वाक्य कळायला तुम्हाला दोन गोष्टी ठाऊक हव्यात. एक म्हणजे ही शांता मी. लग्नात तुमच्या आजोबांनी तांदळाच्या ताटात अंगठीने सुनंदा असं लिहिलं आणि तेव्हापासून मी सुनंदा झाले. शाळेच्या दप्तरात, रेशनकार्डावर, सगळीकडे सुनंदा. भाऊ ताई म्हणे, शांता म्हणणारी बाकीची माणसं एकेक करून गेली. शेवटी एक आई राहिली. पुण्यात ते नाव कुणालाही माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट हाकेची. आमच्या वऱ्हाडात तिन्हीसांजेला बाहेरून कोणी नावाने हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. जे माणूस नसतं ते दोनदाच हाक मारू शकतं, अशी समजूत. तिसरी हाक आली की समजायचं, आपल्यातलंच कोणीतरी आहे. मग ओ द्यायची आणि दार उघडायचं. पहिल्याच हाकेला ओ दिली तर काय होतं, असं मी लहानपणी विचारलं होतं. आई म्हणाली, "काय होते ते सांगाले कोणी वापस आलं नाही."

मी इंग्रजी शिकवत असे. अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेताना हेच उदाहरण मुलांना देत असे आणि मुलं हसत. घरी मात्र दिवेलागणीला कोणी हाक मारली की तिसरी हाक येईपर्यंत माझं तोंड उघडत नसे. डोकं एम.ए. झालं होतं, कान झाले नव्हते.

शिरीषने पुण्याबाहेर मांजरी गावात फ्लॅट घेतला. आमची इमारत त्या भागातली पहिली उंच इमारत असावी. पुढे रस्ता, मागे ऊस. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जाई, आणि तो परत येई तेव्हा त्याच्या तोंडी डेडलाइन, क्लायंट, ऑनसाइट असे शब्द असत. मी ते शब्द नीट उच्चारांसकट शिकून घेतले. शेजारी दामलेबाई आल्या. जन्म पेठेतला, बँकेत नोकरी पेठेतच, आणि स्वारगेटच्या पलीकडे पुणं संपतं यावर त्यांची श्रद्धा. मुलीच्या नोकरीपायी त्यांना उसात येऊन राहावं लागलं होतं. दामलेबाई संध्याकाळी जिन्यातून मला हाक मारत आणि मी सवयीने गप्प राही. एक दिवस दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सुनंदाताई, आपल्याकडे पहिल्या दोन हाका फुकट जातात. पुढच्या वेळी मी थेट तिसरीपासून सुरुवात करू का?"

मी त्यांना कारण सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आमच्याकडे भुतांनासुद्धा दुपारी एक ते चार बंद असतं," म्हणाल्या आणि वाटीभर साखर घेऊन गेल्या. पण त्यानंतर मात्र त्या नेहमी तीनदा हाक मारू लागल्या, हेही लिहून ठेवते.

पहिली दोन वर्षं काहीच झालं नाही. मला परगावी आल्यासारखंच वाटत होतं आणि परगावी असतं तसं सगळं शांत होतं. इरा, तुझा जन्म झाला, तू चालायला लागलीस. मग एका संध्याकाळी गॅलरीतले कपडे काढताना उसातून हाक आली. "शांते." आवाज बाईचा, शेवटचं अक्षर थोडं खाली ओढलेलं. मी वळले नाही. पुन्हा "शांते". मग नुसती पानांची सळसळ. मी कपड्यांच्या घड्या घातल्या, दोन्ही बाजू जुळवून, जशा नेहमी घालते तशा.

रोज नाही, पण हाक येत राहिली. आई गेल्यावर सुरू झाली असती तर समजायला सोपं होतं. आई तर तेव्हा यवतमाळात ठणठणीत होती. मी फोनवर तिला विचारलं, तू मला हाक मारतेस का? ती चिडली. "मी कायले मारू? माह्या गळ्यात तेवढा दम आहे का?" मग म्हणाली, "दोनच येते न? मंग येऊ दे. तू आपलं काम कर." दोन वर्षांनी आई गेली. हाकेत काही फरक पडला नाही. आधी होती तशीच नंतर.

मी हे कुणाला बोलले नसते. पण इरा, तू सहा वर्षांची असताना गॅलरीत चित्र काढत बसली होतीस आणि मान वर न करता म्हणालीस, "आजी, ती बाई आजपण दोनदाच ओरडली." माझ्या हातातली चाळणी खाली पडली. तोवर मला वाटत होतं, म्हातारीचे कान आहेत, वाजतात. तुला काय ऐकू आलं, हे मी विचारलं नाही. फक्त नियम सांगितला. तू लगेच विचारलंस, "आणि तिसऱ्यांदा ओरडली तर?" मी म्हटलं, तर ती आपली.

पुढच्या वर्षी तुमच्या बाबांना इंग्लंडमधलं काम मिळालं. दोन वर्षांसाठी म्हणून तुम्ही लीड्सला गेलात, आणि नील, तू तर तिथेच जन्मलास. ऊस हळूहळू तुटत गेला. त्या जागी टॉवर उभे राहिले, त्यांना बागांची आणि इटलीतल्या गावांची नावं. आमच्या इमारतीमागे एक पट्टा तेवढा उरला, कुणाच्या तरी भाऊबंदकीच्या दाव्यात अडकलेला. शिरीष दर वर्षी म्हणतो, फ्लॅट विकून टाक, इकडे ये. मी दर वर्षी म्हणते, बघू. भाऊही गेल्यावर यवतमाळला आता माझं कोणी नाही, लीड्सला माझं काही नाही आणि मांजरीला, असं मी म्हणे, माझं सामान आहे.

आता तू मित्रमैत्रिणींबरोबर काढलेल्या तुझ्या अल्बमविषयी. इरा, तुझं संगीत मला आवडतं असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मिक्सरमध्ये चमचा राहिलाय असं वाटलं होतं. पण 'राँग साइड' या अल्बमची कच्ची गाणी तू पाठवलीस ती मी सगळी ऐकली, कानात इअरफोन घालून, ताठ बसून. विमानतळावरच्या रांगेचं गाणं, रूममेटच्या मांजराचं गाणं, 'तू मूळची कुठली' असं विचारणाऱ्यांना दिलेलं ते सणसणीत उत्तर. ड्रम असे की छातीतले ठोके आपले की त्यांचे, कळू नये. तू गात नाहीस, धावतेस, आणि धावता धावता हसतेस. एका ओळीत व्याकरणाची चूक होती, ती मी कळवली. "आजी, ती चूक मुद्दाम आहे," असं तू कळवलंस. मला तुझा हेवा वाटला. आम्ही एकही चूक मुद्दाम केली नाही.

आणि मग ते सातवं गाणं. सगळी वाद्यं भरधाव असताना एकदम थांबतात. त्या शांततेत तुझा आवाज येतो, पण तो तुझा नाही. "शांते." शेवटचं अक्षर खाली ओढलेलं. "शांते." आणि गाणं तिथेच संपतं. मी इअरफोन काढून टेबलावर ठेवले.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. तू रडत नव्हतीस, पण रडून झालं होतं.

"आजी, सेव्हन्थ ट्रॅक अडकलाय. रेकॉर्डिंग करणारा टॉम म्हणतो, दोनदा ओरडून थांबलं की कट केल्यासारखं वाटतं. तिसरा शाउट हवा, मग ड्रम्स, मग सगळे मिळून. आणि तो बरोबर आहे! पण मी माइकसमोर उभी राहिले की तिसऱ्यांदा गळा बंद होतो. लिटरली बंद. तीन दिवस झाले. शुक्रवारी अल्बम लॉक होणार, तोपर्यंत नाही झालं तर ते गाणं काढून टाकणार."

"मग काढू दे," मी म्हटलं. जरा घाईनेच म्हटलं.

"नाही ना! बाकीची गाणी मस्त आहेत, लोक नाचतील. पण ते एकच गाणं माझ्या घराबद्दल आहे. ते गेलं तर मी नुसती ओरडणारी मुलगी." मग हळूच, "तो तुझा रूल आहे ना? तीनचा? त्यामुळेच होतंय का हे? आणि शांते म्हणजे काय? मला नुसता आवाज आठवतो."

तेव्हा मी तुला सांगितलं की ते माझं नाव आहे.

लीड्समध्ये पाऊस पडत असावा. फोनवर तो ऐकू येत होता. मग तू विचारलंस, "आजी, मग मी तुला बोलावतेय? की ती माझ्या तोंडून बोलावतेय?"

खरं सांगते, त्या क्षणी मला गाण्याची पर्वा नव्हती. जे इतकी वर्षं उसात उभं होतं, ते माझ्या नातीच्या गळ्यापर्यंत पोचलं होतं. तो बंद पडणारा गळा तुला अडवत होता की वाचवत होता, हे मला कळत नव्हतं. नको म्हटलं की विषय संपला असता. तू ऐकलं असतंस. ओरडत गातेस, पण माझं ऐकतेस. अल्बममधून एक गाणं गेलं असतं आणि तुझं घर त्याच्याबरोबर.

मी तुला दुसऱ्या दिवशी फोन कर म्हटलं. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसले. हाक आली, नेहमीसारखी, दोनदा. पहिल्यांदाच मी ती भीती बाजूला ठेवून ऐकली. त्या आवाजात राग नव्हता, लालूच नव्हती. दाराशी आलेलं पण आत यायचा हक्क नसलेलं माणूस जसं बोलेल, तसा तो आवाज होता. तिसरी हाक मारायला हक्क लागतो. तो जिवंत माणसाकडेच असतो, तुझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मार तिसरी हाक. पण ती कशी ओरडायची ते आठवू नकोस. तुझ्या आवाजात मार. गॅलरीत मी आहे, तुला भूक लागलीय आणि मी ऐकत नाहीये, अशी मार."

"आणि तू ओ देशील?"

"आली तर देईन."

अल्बम निघाला त्या दिवशी दामलेबाईंनी मला पेढा आणून दिला. "नात ओरडते त्याचे पैसे मिळतात म्हणे. आमची फुकट ओरडते," म्हणाल्या. दिवेलागणीला मी दिवा लावला, इअरफोन घातले आणि सातवं गाणं सुरू केलं. धावपळ, थांबणं. "शांते." "शांते." आणि मग तिसऱ्यांदा, अगदी तुझी, सहा वर्षांची आणि बावीस वर्षांची एकाच वेळी, अधीर, हट्टी, "शांतेऽऽ!" ड्रम कोसळले आणि तुझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनी, ज्यांना ऊस म्हणजे काय तेही ठाऊक नाही, एकदम आरोळी दिली, "ओ!"

त्यांच्याबरोबर मीही दिली. मोठ्याने. शांता म्हणून, त्या घरात पहिल्यांदा.

बेल वाजली. दारात दामलेबाई, हाताला पोळीची कणीक.

"सुनंदाताई, खाली कोण आलंय? मघापासून कोणीतरी शांते, शांते करतंय. मी मोजलं, तीनदा झालं. वॉचमनला इंटरकॉमवर विचारलं तर म्हणतो कोणी नाही. आणि वर ओ तुम्ही देताय!"

इअरफोन अजून माझ्या कानात होते. त्यातलं गाणं माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"ते माझं माहेरचं नाव आहे," मी म्हटलं.

दामलेबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग गॅलरीच्या बंद दाराकडे. पहिल्यांदाच त्यांना टोमणा सुचला नाही. म्हणाल्या, "अहो मग उभ्या काय राहता? माहेरचं माणूस खाली ताटकळतंय. जा. मी आहे इथे."

मी चपला घालून खाली गेले. गेटपाशी कोणी नव्हतं. कुंपणापलीकडे तो उरलेला उसाचा पट्टा होता आणि वारा नसताना त्याची एका जागेची पानं हलत होती, कोणी नुकतंच आत गेल्यासारखी. मी तिथे उभी राहिले. वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही. तुमच्या बाबांना सांगा, फ्लॅट विकायचा नाही. कारण विचारलं तर हे वाचायला द्या.

वॉचमन त्याच्या खोलीतून बाहेर आला. परभणीकडचा आहे, भला माणूस. म्हणाला, "आजी, कोणाची वाट पाहताय? घरचं कोणी यायचंय का?"

"नाही हो," मी म्हटलं. "मी घरीच आहे."